स्क्रेपरमधून भुसा पडतोय? मग धार लागलेली नाही

नवा स्क्रेपर, म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं पातळ पोलादी पातं, लगेच लाकडावर चालवू नका. कापते ती कडेवर मुद्दाम वळवलेली बारीक धार, आणि ती आपणच काढायची असते. पातं वाइसमध्ये उभं आवळा आणि बारीक दातांच्या सपाट कानशीने कड अगदी काटकोनात घासा. मग ऑइलस्टोनवर (तेल लावून धार काढायच्या दगडावर) कड आणि दोन्ही बाजू घासून कानशीच्या रेघा पूर्ण घालवा. इथे घाई नकोच. रेघा राहिल्या की धार दातेरी वळते आणि लाकडावर ओरखडे उठतात. आता तेलाचा थेंब आणि पात्याहून कडक पोलादी सळई: आधी बाजूवर सपाट, मग कडेवर ५ ते १० अंश कलती धरून दोन-तीनदा ओढा. जोर बेताचा; फार वळलेली धार लाकडाला लागतच नाही. बोट हलकेच बाहेरच्या दिशेने फिरवा, धार जाणवली पाहिजे.

वापरताना अंगठ्यांनी मधोमध किंचित बाक देऊन, पुढे कलवून ढकला. पातळ साल निघेल. शिसवीचे उलटसुलट तंतू रंध्याने उपटतात, तिथे स्क्रेपरला तोड नाही. पाइनसारख्या मऊ लाकडावर मात्र मजा नाही. पातं चांगलंच तापतं, अंगठ्यांना चिकटपट्टी गुंडाळा.