सही करू नकोस

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. मणक्याचा क्षय झाल्याचे ज्या पत्रात कळवलेस, त्याच पत्रात "कंपनीवर भार होण्यापेक्षा राजीनामा देतो" असेही लिहिले आहेस. राजीनामा देऊ नकोस.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. परंतु मणक्याचे उपचार वर्षभर, कधी त्याहूनही अधिक चालतात आणि तेवढा काळ चाकणच्या खोलीचे भाडे कोण भरणार? औषधांचा हिशेब सगळे मांडतात, बुडालेल्या पगाराचा कोणी मांडत नाही.

तुझा पगार २१,००० रुपयांच्या आत असल्यामुळे त्यातून ०.७५ टक्के ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. ते याच दिवसांसाठी. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, की पुढे वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. ते दिवस संपले तरी क्षय दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळे, सलग दोन वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. तुझी चार वर्षे झाली आहेत! आणि तू खासगी डॉक्टरची चिठ्ठी एचआरला देऊन घरी बसलास. दाखला ईएसआयच्या डॉक्टरकडून घ्यायचा असतो, हे कोणी सांगितले नाही का? राजीनामा दिलास तर वर्गणी थांबेल आणि काही महिन्यांनी त्याच कार्डावर चालणारे आईचे उपचारही थांबतील.

"आपणहून सोडा, बरे झालात की परत घेऊ," असे कंपनीवाले म्हणतात. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला काढण्यास या विम्याच्या कायद्यानेच मनाई केली. म्हणून तर त्यांना तुझी सही हवी आहे.

माझी कंबर गेली तेव्हा मीही असाच नोकरीला चिकटून राहिलो. फुकटचा पगार खातो, असे लोक तोंडावर म्हणाले. ज्या फोरमनने मला लेथवर उभे केले, त्याने बोलणे टाकले आणि तो गेला तरी ते तसेच राहिले, याची खंत आहे. पण मुलीची शाळा सुटली नाही. म्हातारा स्वतःचेच समर्थन करतो आहे, असे वाटत असेल तर वाटू दे. राजीनामा मात्र देऊ नकोस.

सोमवारी विमा दवाखान्यात जा. तपासणीचे सगळे कागद ने, दाखल्याची झेरॉक्स स्वतःजवळ ठेव आणि भत्त्याचा अर्ज ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात दे. एचआरचा फोन आलाच, तर माझा नंबर दे.

तुझा,
काका