आंब्याखाली लावलेल्या गाडीच्या काळ्या प्लास्टिकवर आणि रबरी बीडिंगवर चिकाचे डाग पडलेत, काय करू?

पहिलं म्हणजे पेट्रोल किंवा थिनर लावू नका. डाग जाईल, पण दाराचं रबर फुगतं, सैल पडतं आणि पावसाळ्यात पाणी आत येतं.

ताजा चीक असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाचेक मिनिटं दाबून ठेवा, मग शाम्पूच्या पाण्याने धुवा. वाळून कडक झालेल्या गाठीवर बर्फ फिरवा. ती ठिसूळ झाली की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद उचला. ब्लेड नको, ओरखडा कायमचा राहतो.

उरलेल्या चिकटपणाला मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट. आधी कोपऱ्यात लावून बघा, रंग उतरत नसेल तरच पुढे. फडक्यावर घेऊन टिपा, बंपरच्या खरखरीत प्लास्टिकवर मऊ टूथब्रश चालवा आणि लगेच पाण्याने धुऊन टाका. रबरावर तर स्पिरिट क्षणभरच. हे सगळं सावलीत, गाडी थंड असताना.

बॉडीचं वॅक्स मात्र काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे चट्टे पडतात. चिकापेक्षा तेच काढायला जास्त जीव जातो!