८ वर्षांच्या भाचीचे आई-बाबा अपघातात गेले, ती आता आमच्याकडे आहे. ती त्यांचं नावही काढत नाही, दिवसभर खेळते, रात्री दचकून उठते. आम्ही विषय काढावा का?

हो, तुम्हीच काढा, पण समोर बसवून विचारू नका. वेणी घालताना, भाजी निवडताना "तुझ्या आईलाही कारलं आवडायचं नाही" एवढंच म्हणा आणि ती बोलली तर फक्त ऐका. बालगृहात समुपदेशनाचं काम करते, म्हणून सांगते: या वयाचं मूल दुःख सलग धरून ठेवत नाही, घटकाभर रडतं आणि लगेच खेळायला पळतं. शिवाय आपण आईचं नाव काढलं की मामी रडते, हे त्याला फार लवकर कळतं आणि ते गप्प होतं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. 'ते झोपलेत', 'गावाला गेलेत' असं मात्र चुकूनही सांगू नका. मुलं झोपायला घाबरतात किंवा वाट पाहत राहतात. 'वारले, परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही' हे स्पष्ट सांगा, कारण आपल्या हट्टामुळेच हे झालं असं अनेक मुलांना वाटत असतं. तिची जुनी चादर, आईची एखादी ओढणी तिच्याजवळ असू द्या. जमलं तर शाळा निदान या वर्षी बदलू नका. रात्रीचं दचकणं सुरुवातीला स्वाभाविक आहे. पण महिन्या-दोन महिन्यांनीही कमी झालं नाही, खाणं तुटलं किंवा 'मलाही आईकडे जायचंय' असं ती म्हणाली, तर लगेच बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. खर्चाची ओढाताण असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेचा अर्ज करा.