साखर पूर्ण बंद केली तर कॅन्सरची गाठ उपाशी मरेल का?

तुम्ही विचारलंय की कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, तर साखर सोडल्यावर गाठ सुकेल का. पहिलं बरंचसं खरं आहे, दुसरं नाही.

निरोगी पेशीत ग्लुकोजचा एक रेणू मोडून पायरुवेटचे दोन होतात. इथवर हाती लागतात फक्त २ एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जेची नाणी. पुढे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांत, ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण ज्वलन झालं की एकूण ३०-३२ मिळतात. कॅन्सरच्या अनेक पेशी मात्र ऑक्सिजन भरपूर असतानाही पायरुवेटचं लॅक्टेट करून बाहेर टाकतात. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकात हे दाखवलं. त्यांना वाटलं मायटोकॉन्ड्रिया बिघडल्यात. पण बहुतेक गाठींत त्या चालू असतात.

मग ही उधळपट्टी कशासाठी? एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनए, प्रथिनं, पेशीपटल सगळंच दुप्पट लागतं. ग्लुकोज मोडताना मधल्या पायऱ्यांवरून हा कच्चा माल काढून घेता येतो: एका फाट्यावर डीएनएसाठी रायबोज, दुसऱ्यावर प्रथिनांसाठी सेरीन, आणि सायट्रेटमार्गे पटलासाठी मेदाम्लं. शिवाय लॅक्टेटबरोबर बाहेर पडणाऱ्या आम्लामुळे आजूबाजूच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) मंदावतात, हा गाठीला आयता फायदा.

हा बदल जनुकांतून येतो. पीआय३के-एकेटी हा पेशीला वाढीचा निरोप देणारा मार्ग सतत चालू राहिला की ग्लुकोज आत घेणारी ग्लुट-१ ही दारं पेशीच्या पृष्ठभागावर वाढतात. मिक आणि हिफ-१ ही जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं ग्लुकोज मोडणारी एन्झाइम्स वाढवतात.

पेट स्कॅन ही गाठी शोधणारी तपासणी याच हावरटपणावर चालते. किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. पेशी ते आत ओढते, त्याला फॉस्फेट चिकटवते. पण दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोरिन असल्यामुळे पुढची पायरी होत नाही आणि फॉस्फेटमुळे बाहेरही पडता येत नाही. ते आतच अडकून चमकतं. म्हणून तपासणीआधी साधारण ६ तास उपाशी राहायला सांगतात. रक्तातली साखर २०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल तर साधं ग्लुकोज याच्याशी स्पर्धा करतं आणि चित्र फिकट येतं. मेंदू आणि मूत्राशय नेहमीच चमकतात, क्षयाच्या गाठीही चमकू शकतात. नुसती चमक म्हणजे कॅन्सर असं कृपया समजू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. गोड बंद केलं तरी रक्तातली साखर शून्याकडे जात नाही. यकृत साठ्यातून आणि तो संपला की स्नायूंच्या प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करून ती टिकवून धरतं, कारण मेंदूला ती लागतेच. गाठ त्याच रक्तातून आपला वाटा उचलते, शिवाय ग्लुटामिन या अमिनो आम्लावरही भागवते. म्हणजे उपासात आधी रुग्णाचे स्नायू झिजतात. उपचार चालू असताना वजन उतरणं हे मला सर्वांत घातक वाटतं; केमोचे डोस पुढे ढकलावे लागतात ते अशानेही. साखर कमी करायला हरकत नाही, पण पोटभर आणि पुरेशी प्रथिनं खाऊनच.

आहाराचा धागा एका ठिकाणी मात्र खरोखर जुळतो. पीआय३के रोखणारी अल्पेलिसिबसारखी औषधं घेताना रक्तातली साखर चढते, त्यावर स्वादुपिंड इन्शुलिन ओततं, आणि ते इन्शुलिन गाठीतला तोच मार्ग पुन्हा उघडू शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत कीटो (अगदी कमी कर्बोदकं, भरपूर मेद) आहाराने इन्शुलिन खाली ठेवल्यावर औषधाचा परिणाम वाढला. माणसांत हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं, कारण कीटोने वजनही झपाट्याने उतरतं.