आकडा जन्मला कुठं ते आधी विचारा : धोरण-संशोधनाच्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात राज्य सरकारात धोरण-संशोधनाचं, म्हणजे पॉलिसी रिसर्च अ‍ॅनालिस्टचं काम नक्की काय असतं यावर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेतलेत. नावं छापलेली नाहीत, काही जण अजून त्याच ऑफिसात आहेत.

प्रश्न : ताई, मी लातूरला एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात एमपीएससीच कर, पण मला योजना, डेटा, रिपोर्ट हेच काम आवडतं. यात शिरायचं कुठून? पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजचं नाव नसेल तर कुणी घेतं का?

उत्तर : घेतात. आणि घरच्यांशी भांडायचीही गरज नाही, कारण हे दोन रस्ते एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. आपल्याकडे नियोजन विभागाखाली अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, दरवर्षी बजेटच्या आधी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' येते ना, ती हीच मंडळी काढतात, तिथं संशोधन अधिकारी, सांख्यिकी अधिकारी अशी पदं असतात आणि वरची काही पदं एमपीएससीमार्फतच भरली जातात. हे लोक नंतर वेगवेगळ्या विभागांत पण बसतात. तुझ्या लातुरातच जिल्हा सांख्यिकी कार्यालय आहे, ते जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं, आधी ते मिळव आणि पूर्ण वाच, तालुकावार तक्ते बघ. अर्थशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी आपल्याच जिल्ह्याचं समालोचन कधी उघडलेलं नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा रस्ता मुख्यमंत्री फेलोशिप. 2015 ला सुरू झाली, मधे काही वर्षं बंद होती, 2023 ला परत सुरू झाली. वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के, वर्षभराचा कामाचा अनुभव आणि मराठी चांगलं हवं, ढोबळ अटी अशा, पण जाहिरात निघाली की त्यातल्याच अटी खऱ्या धरायच्या. वर्षभराच्या अनुभवापाशी खूप जण अडकतात, त्यामुळे एमए संपल्या संपल्या एखाद्या संस्थेत कामाला लाग, रिकामी बसू नकोस. तिसरा रस्ता कंत्राटाचा. विभागांमध्ये पीएमयू असतात, म्हणजे बाहेरच्या एजन्सीमार्फत घेतलेल्या सल्लागारांची टीम. शिवाय नीती आयोगाच्या धर्तीवर राज्याने 2022 मध्ये 'मित्रा' ही संस्था काढली आहे, पुण्यात यशदा ही सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी संस्था आहे, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव.

कॉलेजचं नाव पहिल्या चाळणीत थोडं चालतं हे खरं, पण इंटरव्ह्यूत एवढंच बघतात की समोरच्याला एखादा प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवता येतो का. म्हणून एक काम कर. कुठलीही एक योजना आणि तुझा एकच तालुका घे, त्या योजनेचे सगळे शासन निर्णय सरकारी वेबसाइटवरून उतरवून घे (सगळ्यांना खुले आहेत), बजेटमध्ये तिला किती पैसे ठेवले आणि किती खर्च झाले ते बघ, मग दोन-तीन गावांत जाऊन ती प्रत्यक्षात कशी चालते ते बघ आणि दोन पानांत लिही. दोनच पानं. अशी नोट हातात असेल तर सर्टिफिकेटांच्या फाइलपेक्षा ती जास्त बोलते.

प्रश्न : मी एका विभागात कंत्राटी सल्लागार आहे. एका टिपणीसाठी कुपोषणाचा जिल्हावार तक्ता करायचा होता. अंगणवाड्यांच्या मासिक अहवालात गंभीर मुलांचं प्रमाण अगदीच कमी दिसतं आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कितीतरी जास्त. साहेब म्हणतात आपल्या विभागाचाच आकडा लावा. मला झोप लागत नाहीये. काय करावं?

उत्तर : तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून यावर सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, विभागाचा आकडा खोटा आणि सर्व्हेचा खरा असं मनाशी ठरवून टाकू नका. हे दोन आकडे वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेत. 2019-21 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असलेली, 25.6 टक्के उंचीच्या मानानं वजन कमी असलेली, आणि एकूण मुलांपैकी 10.9 टक्के त्यातल्याच तीव्र गटातली. आता अंगणवाडीच्या अहवालात बऱ्याचदा वयाच्या मानानं वजन मोजलेलं असतं. ते मोजमापच वेगळं आहे, त्याची तुलना सर्व्हेतल्या वयाच्या मानानं वजन कमी असलेल्या 36.1 टक्क्यांशी व्हायला पाहिजे, 25.6 शी नाही. अर्धा गोंधळ तर इथंच असतो, दोन वेगळ्या रकान्यांचे आकडे शेजारी ठेवून लोक वाद घालत बसतात.

मग उरलेला अर्धा. अहवालात जे मूल त्या दिवशी वजनाला आलं तेच मोजलं जातं. बीड, जालन्याकडची ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं, त्यांची पोरं दिवाळीनंतर गावच्या अंगणवाडीत नसतात आणि कारखान्याच्या फडातली अंगणवाडी त्यांना आपलं म्हणत नाही, ती पोरं दोन्हीकडच्या यादीतून निसटतात आणि नेमकी तीच जास्त अशक्त असण्याची भीती असते. लहान बाळाची लांबी मोजणं अवघड, ते पाय आखडून घेतं, रडतं, एक-दीड सेंटिमीटर इकडं तिकडं झालं की मूल एका गटातून दुसऱ्या गटात जातं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्या सेविकेच्या यादीत तीव्र गटातली पोरं वाढतात तिलाच आधी जाब विचारला जातो, बैठकीत उभं केलं जातं. अशानं आकडा वर जाताना वाटेतच बारीक होतो आणि त्याचा दोष त्या बाईवर टाकणं मला अजिबात मान्य नाही. जाब विचारायची पद्धत बदलली तर आकडा सुधारेल.

सर्व्हेच्याही मर्यादा आहेत, त्याही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा. त्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम 2019 च्या उत्तरार्धात झालं, म्हणजे ते एका ठरावीक काळाचं चित्र आहे, आणि उंचीच्या मानानं वजन हे ऋतूप्रमाणं हलतं. जिल्ह्याला मोजलेली पाच वर्षांखालची मुलं थोडीच असतात, त्यामुळे दोन जिल्ह्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला म्हणून एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला नोटीस हे चुकीचंच.

अजून एक जुनं उदाहरण सांगते. आपल्याकडे कुपोषण कमी करण्यासाठी 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, 2012 मध्ये राज्यात खास पोषण सर्वेक्षण झालं, त्यात खुजेपणा 39 वरून 23 टक्क्यांवर आल्याचं दिसलं, देशभर कौतुक झालं, आणि ते काम खरंच मोठं होतं. पण तो आकडा दोन वर्षांखालच्या मुलांचा. पुढं 2015-16 च्या राष्ट्रीय सर्व्हेत 34.4 आला, तो पाच वर्षांखालच्यांचा. हे दोन आकडे एका रेषेत ठेवून कुपोषण परत वाढलं अशी बोंब मारणारे लोक मी पाहिलेत. वयोगट बघितलाच नाही कुणी. वयोगट सारखा घेतला तर 2005-06 च्या 46.3 वरून 34.4 अशी घटच दिसते, आणि त्यानंतरच्या 35.2 वरून कळतं की घट थांबली. खरी काळजी त्या थांबण्याची करायला हवी.

आता साहेबांचं. निर्णय घेणं हा त्यांचा अधिकार आहे, टिपणीत काय मांडलंय ते नीट मांडणं हे तुमचं काम. एकाच तक्त्यात दोन्ही रकाने ठेवा, प्रत्येकाखाली एक ओळ, कुणी मोजलं, कधी मोजलं, कुणाला मोजलं. विशेषणं नकोत. त्यांनी एक रकाना काढायला सांगितला तर शांतपणे एवढंच म्हणा की सर, विधानसभेत तारांकित प्रश्न आला तर दुसरा आकडा समोरच्याच्या हातात असणारच आहे, आपल्या फाइलवर त्याचं उत्तर आधीच असलेलं बरं. बहुतेक अधिकाऱ्यांना हे लगेच पटतं. तरीही नाहीच पटलं तर तुमचा मूळ तक्ता तुम्ही मेलवर रीतसर पाठवलेला असू द्या. आणि आकडा बदलून लिहा असं कुणी म्हणालं तर मात्र लिहायचं नाही, कंत्राट गेलं तरी. आणि एक दिवस काढून वजनाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसा, काही बोलू नका, फक्त बघा. हे टेबलावर बसून कळत नाही.

प्रश्न : आमच्या टीमनं मोठा अभ्यास केला, जाड रिपोर्ट दिला, प्रेझेंटेशन झालं, सगळ्यांनी छान म्हटलं आणि पुढं काहीच नाही. सरकारला संशोधन नकोच असतं का?

उत्तर : हवं असतं, पण ते फाइलवर चढेल अशा रूपात हवं असतं. प्रेझेंटेशन सचिवांसमोर होतं, फाइल मात्र कार्यासनातून, म्हणजे विभागात त्या विषयाचं काम बघणाऱ्या टेबलावरून सुरू होते, सहायक, कक्ष अधिकारी, मग अवर सचिव, उपसचिव अशी वर जाते. तुमच्यातलं कुणी कक्ष अधिकाऱ्यांना भेटलं होतं का? त्यांना तुमच्या शिफारशीतली कुठली ओळ शासन निर्णयात कशी बसेल हे कळलं नाही तर ते टिपणी कशाची लिहिणार?

दुसरं, पैसे. खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटमधल्या कुठल्या खात्यातून, नवीन पदं लागणार का, पुढच्या वर्षी किती, हे नसेल तर वित्त विभाग फाइल परत पाठवणारच आणि त्यांचं चुकतही नाही. रोजगार हमीचंच बघा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात छोट्या प्रमाणावर करून बघितलं, 1972 च्या दुष्काळात त्याची खरी परीक्षा झाली, 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि 2005 मध्ये देशानं त्याच धर्तीवर कायदा केला. या सगळ्यात लोक विसरतात तो भाग म्हणजे 1975 चा व्यवसाय कर. शहरात पगार घेणाऱ्यांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची आणि ती गावातल्या मजुरीच्या कामी आणायची, म्हणजे कल्पनेच्या सोबत तिचा पैसा पण होता.

आणि मोजायची पद्धत साधी ठेवा. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीनं 1984 मध्ये विभागीय अनुशेष, म्हणजे विकासातली तूट काढली, राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागं आहे ते बघायचं आणि तेवढं भरून काढायला किती पैसे लागतील ते सांगायचं. आकडा आला साधारण 3,187 कोटी. त्यावर टीका भरपूर झाली, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या आमदारांना तो समजला, सभागृहात उभं राहून मांडता आला, म्हणून पुढं कित्येक वर्षं चर्चा त्याच मापानं होत राहिली. तुमच्या जाड रिपोर्टातला असा एखादा आकडा शोधा, दोन पानी मराठी टिपणी करा, आणि पुढच्या बजेटचे प्रस्ताव विभागात तयार व्हायला लागतात तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या आसपास, ती परत घेऊन जा. मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा कुणालाच वेळ नसतो.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी अशा कंत्राटी पदावर निवडली गेली आहे. पर्मनंट नाही म्हणून आम्ही घाबरलोय. पाठवावं का?

उत्तर : काका, भीती खरी आहे. कंत्राट साधारण 11 महिन्यांचं असतं, पेन्शन नाही, कधी मानधन उशिरा येतं. घरात तिच्या पगारावर कर्जाचे हप्ते असतील तर विचार करा. नसतील तर दोन वर्षं जाऊ द्या, त्या दोन वर्षांत सरकार आतून कसं चालतं हे जे कळतं ते पुढं संस्थेत, विद्यापीठात, स्पर्धा परीक्षेत, सगळीकडं कामी येतं. फक्त कंत्राटातली प्रवासखर्चाची आणि रजेची कलमं सही करण्याआधी नीट वाचायला सांगा.

प्रश्न : ताई, मी इंग्लिश मीडियमची. बोलता येतं पण सरकारी मराठीत टिपणी लिहायची म्हटलं की घाम फुटतो. इंग्लिशमध्ये लिहून कुणाकडून तरी करून घेतलं तर चालेल ना?

उत्तर : नको. 1964 च्या राजभाषा अधिनियमापासून राज्याचा कारभार मराठीतून आहे, आणि दुसऱ्याकडून करून घेतलेल्या टिपणीत तुझा मुद्दाच कुठंतरी हरवतो, मग बैठकीत त्यावर प्रश्न आला की तुला तुझंच वाक्य ओळखू येत नाही. शिवाय अवघड शब्द वापरलेच पाहिजेत असं कुठं आहे? ठरलेला साचा आहे, विषय, पार्श्वभूमी, सद्यस्थिती, प्रस्ताव, आर्थिक भार, आणि शेवटी मान्यतेस्तव सादर. मधली वाक्यं छोटी आणि सरळ लिहिली तर कुणी हरकत घेत नाही, उलट अधिकाऱ्यांना बरंच वाटतं. तुझ्या विभागाचे गेल्या वर्षभरातले दहा-पंधरा शासन निर्णय उतरवून घे आणि त्यातली प्रस्तावना मोठ्यानं वाच, रोज एक. पहिल्या चार-पाच टिपण्या कार्यासनातल्या जुन्या सहायकांना दाखव, ते लाल पेनानं सुधारून देतात, आणि का बदललं ते विचारलंस तर आनंदानं सांगतात.