‘मीच उगाच घाबरते का?’

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत, बाजार समितीत हिशेब बघतात. रात्री फार घोरतात. मध्येच घोरणं थांबतं आणि श्वासही थांबतो. मी अंधारात त्यांच्या छातीवर हात ठेवून बघते. मग एकदम गुदमरल्यासारखे दचकतात आणि पुन्हा घोरू लागतात. परवा मोटारसायकलवर सिग्नलला त्यांचा डोळा लागला. सासूबाई म्हणतात, ‘गाढ झोप आहे ती, याचे वडीलही असेच घोरायचे.’ दवाखान्याचं नाव काढलं की मिस्टर हसतात. मीच उगाच घाबरते का? सकाळी माझंही डोकं जड असतं, पण ते जागरणाचं असेल.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. माझे वडील माजघरात झोपायचे आणि आई रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून असायची. तिला निद्रानाश आहे, असंच आम्हा मुलांना वाटायचं. छातीविकारांचं शिक्षण घेताना माझ्या लक्षात आलं, ती त्यांचा पुढचा श्वास यायची वाट बघत असायची.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि श्वासाची वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंदच होते. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो. रात्रभर हेच चालतं, आणि सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. म्हणून मिस्टर हसतात. त्यांना खरंच ठाऊक नाही.

हे किती जणांना असतं? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात टेरी यंग आणि सहकाऱ्यांनी ३० ते ६० वयाच्या, रोज कामावर जाणाऱ्या ६०२ स्त्री-पुरुषांची झोप रात्रभर तपासली. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडणारे पुरुष निघाले २४ टक्के, स्त्रिया ९ टक्के. १९९३ साली हे छापून आलं. आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हे प्रमाण साधारण १९.५ टक्के आलं, आणि दिवसा झोप अनावर होण्यासारखा त्रासही असलेले साडेसात टक्के. म्हणजे मिस्टरांच्या वयाचे दहा पुरुष ऑफिसात चहाला उभे असतील, तर त्यात दोघांचा श्वास रात्री अडत असण्याची शक्यता आहे. सासूबाईंनी हे घरात आधी पाहिलंय, म्हणून त्यांना ते साधं वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नका.

आज रात्री मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. श्वास थांबला की मनात आकडे मोजा. दहा सेकंदांच्या पुढे गेलं, तर तो व्हिडिओ घेऊन छातीविकारतज्ज्ञांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. हसणारे मिस्टर तो बघून गप्प होतील, हे मी अनेक घरांत पाहिलंय. झोपेची तपासणी आता बऱ्याचदा घरीही होते. रक्तदाब तेव्हाच मोजून घ्या. गोळ्या घेऊनही तो आटोक्यात येत नसेल, तर त्यामागेही हा त्रास असू शकतो. त्रास जास्त असेल तर रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लागतं. पहिले आठवडे नकोसं वाटतं, पण सोडू देऊ नका. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानेही श्वास अडणं कमी होतं. रात्रीची दारू असेल तर ती बंद, कारण तिने घसा आणखी सैल पडतो. आणि तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत मोटारसायकल त्यांच्या हातात देऊ नका. यात मी अजिबात सूट देणार नाही.

आता तुमच्याबद्दल. जड डोक्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मला मात्र तेच वाक्य टोचलं. वर ९ टक्के स्त्रियाही आहेत. बायकांमध्ये हा त्रास पुष्कळदा थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप अशा रूपात दिसतो, आणि पाळी गेल्यावर वाढतो. तुमचा श्वास बघायला अंधारात कोण जागं असतं? दवाखान्यात जाल तेव्हा केसपेपर दोन काढा.