सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही

प्रश्न : माझ्याकडे 2014 सालची लहान पेट्रोल गाडी असून ती आतापर्यंत 92 हजार किलोमीटर चालली आहे. गेले तीन महिने तिने एकच छळ मांडला आहे. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट चढून वर आलो की हेळवाकला आम्ही चहाला थांबतो. पंधरा-वीस मिनिटांनी चावी फिरवली की सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. पाऊण तास वाट पाहिली की जणू काही घडलेच नाही अशी पहिल्या झटक्यात सुरू होते. गावातल्या गावात किंवा सकाळी इंजिन थंड असताना कधीच त्रास नाही. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग टाकीतला पंप. पंप बदलल्यावर आठ दिवस गाडी उत्तम चालली, त्यामुळे दुखणे गेले असे वाटले. नवव्या दिवशी कराडला निघालो आणि हेळवाकला पुन्हा तेच. आता मेस्त्री म्हणतात, ईसीएम (इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक) गेला असावा. तो बदलावा का? जुलै 2021च्या पुरात गाडीत सीटपर्यंत पाणी आले होते, हेही कळवून ठेवतो.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ईसीएम तूर्त बदलू नका. तो महाग असतो, क्वचितच जातो, आणि जो बिघाड घाट चढून थांबल्यावर पंधरा मिनिटांनी उद्भवतो व पाऊण तासाने आपसूक नाहीसा होतो, त्याचे मूळ बहुधा इंजिनाच्या अंगाला चिकटून बसलेल्या, म्हणजे इंजिनाबरोबर तापणाऱ्या आणि निवणाऱ्या एखाद्या भागात असते. आपले पत्र वाचताना पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरते आहे की नाही हे टिपणाऱ्या भागावर गेला. तो का गेला हे सविस्तर सांगतो, कारण तीन भाग विनाकारण बदलले गेल्यावर चौथा केवळ माझ्या शब्दावर बदलावा असे मला वाटत नाही.

सेल्फ जोरात फिरतो, असे आपण लिहिले आहे. बॅटरीचा प्रश्न तिथेच मिटला होता. सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण 200 ते 250 फेरे देतो. बॅटरी दमली असेल तर हा वेग पडतो, आवाज रडका होतो, मीटरमधले दिवे मंदावतात. खात्रीच करायची तर साधा मल्टिमीटर पुरे : रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसावे आणि सेल्फ मारताना ते साधारण 9.6च्या खाली जाऊ नये. शिवाय दमलेली बॅटरी सकाळच्या गारव्यात जास्त त्रास देते, चहा पिऊन आल्यावर नव्हे.

सेल्फ नीट फिरत असूनही पेट्रोल इंजिन पकडत नसेल, तर प्लगवरचा करंट, पेट्रोल किंवा सिलिंडरमधला दाब यांपैकी काहीतरी कमी पडते आहे. आपल्या गाडीत दाबाचा विषय सोडून देता येतो, कारण झिजलेले इंजिन पाऊण तासात बरे होत नाही. (ज्यांच्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे त्यांनी मात्र एक खूण ध्यानात ठेवावी : सेल्फचा नेहमीचा ठेका जाऊन इंजिन एकाएकी हलके, भरभर आणि एकसुरी फिरू लागले तर बेल्ट तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारू नये. पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि बेल्टच्या खर्चावर भागणारे काम हेड उघडण्यापर्यंत जाते.)

उरले करंट आणि पेट्रोल. आपल्या मेस्त्रींची वाट चुकली ती इथे, आणि ती चूक चांगल्या कारागिराच्या हातूनही होते. चावी ऑन केली की टाकीतला पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याची खबर ईसीएमला मिळाली तरच पंपाचा रिले (त्याला वीज जोडणारा स्विच) पुन्हा चालू होतो. ही खबर देणारा भाग म्हणजे क्रँक सेन्सर. तो मुका झाला तर सेल्फ कितीही फिरो, ईसीएमच्या लेखी इंजिन उभेच असते; त्यामुळे तो प्लगला करंट देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पंपही चालवत नाही. अशा वेळी कोणी सेल्फ मारत पंपाचा आवाज ऐकायला गेले तर पंप गप्प असल्याचे कळते, आणि पंप गेला असा निष्कर्ष निघतो. वास्तविक तिन्ही गोष्टी एकाच वेळी बंद असतील तर तीन भाग एकदम बिघडले असे मानण्यापेक्षा त्या तिघांच्या वर बसलेला एक भाग शोधावा. करंट आहे पण पंप नाही, असे आढळले असते तर पंप, त्याचा रिले आणि फ्यूज हीच दिशा बरोबर ठरली असती.

पंप बदलल्यावरच्या आठ दिवसांचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. ते आठ दिवस गाडी बहुधा चिपळुणातच फिरली. घाट चढलाच नाही. पंपाचे काम बरोबर की चूक, याची परीक्षा नवव्या दिवशी झाली.

आता तापण्याविषयी. घाट चढताना इंजिन तापते खरे, पण वारा आणि फिरते कूलंट त्याला निववत असतात. आपण गाडी बंद करता तेव्हा कूलंट फिरायचे थांबते, वारा थांबतो आणि इंजिनाच्या धातूत साठलेली उष्णता आजूबाजूच्या भागांत मुरू लागते. म्हणून बॉनेटखालचे कित्येक भाग गाडी चालताना असतात त्याहून, बंद केल्यानंतरच्या पहिल्या दहा-वीस मिनिटांत अधिक तापतात. आपला चहा नेमका त्याच वेळात येतो. पुष्कळ गाड्यांत क्रँक सेन्सर म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली, केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. समोरून दातेरी चाक फिरले की तिच्यात वीज उमटते. वर्षानुवर्षे तापून-निवून त्या तारेला आत कुठेतरी बारीक तडा गेला, तर तापल्यावर तो फाकतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. निवल्यावर पहिल्या झटक्यात सुरू होणारी गाडी हे या तड्याचे नेहमीचे लक्षण आहे.

खात्री करायची ती मात्र हेळवाकलाच, गाडी अडून बसलेली असताना. थंड गाडी गॅरेजमध्ये नेऊन उपयोग नाही. तिथे सगळे ठीकच दिसणार. पुढच्या वेळी सेल्फ मारताना आर.पी.एम.च्या काट्याकडे पाहा. पुष्कळ गाड्यांत इंजिन नुसते सेल्फवर फिरत असतानाही काटा थोडा उचलतो. एरवी उचलणारा काटा अडलेल्या वेळी शून्यावर झोपून राहिला, तर संशय बळावतो. आपल्या गाडीत तो एरवीही हलत नसेल तर या खुणेला अर्थ नाही. म्हणून थंड असताना आधी एकदा पाहून ठेवा. याहून पक्का पुरावा स्कॅनर, म्हणजे ईसीएममधली माहिती वाचणारे यंत्र देते. आपल्या गाडीच्या डॅशबोर्डखाली स्कॅनरचे सॉकेट असेल. त्यावर सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे 200च्या आसपास दिसावेत. शून्य दिसले तर खबर पोहोचत नाही, हे सिद्ध झाले. स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडांपैकी P0335 हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे, पण तो सापडला नाही म्हणून सेन्सरला निर्दोष ठरवू नका. इंजिन उभे आहे असेच ज्याला वाटते, तो ईसीएम तक्रार कशाची नोंदवणार?

तिसरी परीक्षा जुन्या मेस्त्रींची आहे. मॅन्युअल गाड्यांत सेन्सर बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे किंवा पुढच्या पुलीजवळ असतो. गाडी अडली की त्यावर गार पाण्यात भिजवून पिळलेले फडके चार-पाच मिनिटे ठेवावे. पाऊण तासाऐवजी पाच मिनिटांत गाडी उठली, तर आणखी काही सिद्ध करायला नको. चावी काढून घ्यावी, कारण रेडिएटरचा पंखा केव्हाही फिरू लागतो. रेडिएटरचे झाकण उघडू नये. आणि बाटलीने पाणी ओतू नये, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडले तर बीड तडकते.

पुराचा उल्लेख आपण शेवटी केलात, पण तो मी वर घेतो. सीटपर्यंत पाणी म्हणजे सेन्सरचा कनेक्टर गाळाच्या पाण्यात बुडून गेला होता. अशा कनेक्टरच्या पिना काही वर्षांनी हिरव्या पडतात, आणि तापल्यावर सैल होणारी जोडणी हुबेहूब सेन्सरसारखीच फसवते. म्हणून नवा सेन्सर आणण्याआधी कनेक्टर उघडून पिना पाहाव्यात, कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ कराव्यात, आणि वायर एक्झॉस्टला घासत किंवा उंदराने कुरतडलेली तर नाही ना, हे तपासावे. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत आलेला उंदीर किती खर्च करून जातो, हे कोकणात सांगायला नको. सेन्सर बदलायचाच झाला तर कंपनीचा घ्यावा. या भागात स्वस्त नकला फार आहेत. दोन वायरींच्या सेन्सरचा रोध (विजेला होणारा अडथळा) ओहममध्ये मोजता येतो, पण तोही तापलेला असतानाच. तीन वायरींच्या सेन्सरला ओहम मीटर लावू नये, त्याची परीक्षा स्कॅनर किंवा ऑसिलोस्कोपवर (विजेचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) होते.

समजा, अडलेल्या वेळीही फेरे 200 दिसले. मग मी चूक आहे आणि शोध पुढे न्यायचा. सेल्फ मारल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी पेट्रोलचा उग्र वास आला तर पेट्रोल पोहोचते आहे, किंबहुना जास्त होते आहे. गळका इंजेक्टर किंवा इंजिन थंडच आहे असे खोटे सांगणारा तापमान सेन्सर हे मग संशयित. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या त्या अवस्थेत पेट्रोल तोडतात आणि भिजलेले प्लग वाळतात. वास अजिबात नसेल, तर फ्यूजबॉक्समधला पंपाचा रिले काढून त्याच आकाराचा व क्रमांकाचा हॉर्नचा रिले तिथे बसवून पाहावा, याला एक पैसा लागत नाही. चावीचे चित्र किंवा कुलपाचा दिवा मीटरमध्ये सतत लुकलुकत असेल तर गाडी चावीच ओळखत नाही; घरची दुसरी चावी वापरून पाहा. कोणत्याही परीक्षेत सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. प्लग काढून बॉडीला टेकवून ठिणगी पाहण्याचा जुना प्रयोग प्रत्येक प्लगवर कॉइल असलेल्या गाडीत करू नये. पेट्रोलची वाफ तिथेच असते आणि कॉइलही जाते.

प्रश्न : माझी गाडी सी.एन.जी.वर चालते. सकाळी पेट्रोलवर सेल्फ फिरतो, पण स्टार्ट होत नाही. बटण दाबून गॅसवर घेतली की लगेच सुरू होते. असेच वापरत राहिले तर चालेल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : गॅसवर सुरू होते म्हणजे करंट, क्रँक सेन्सर आणि इंजिन यांना आपणच निर्दोष ठरवलेत, दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे. चावी ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. दोन सेकंदांची गुणगुण नसेल तर फ्यूज व रिले पाहून मग पंपाकडे वळावे. टाकीवर खालून रबरी हातोडीचा हलका ठोका देताच पंप फिरू लागला, तर त्याच्या मोटरला वीज पोहोचवणारे कार्बन झिजले आहेत. सी.एन.जी. वापरणारे बहुतेक जण पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवतात. पंप मात्र त्या पेट्रोलमध्ये बुडूनच निवतो आणि वंगण मिळवतो, आणि काही किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो फिरतच असतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा धरते; महिनोन्‌महिने तळाशी राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी साचले तर पंप तेच आधी ओढतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा. थेट गॅसवर सुरू करणे ही बहुतेक किटमध्ये अडीअडचणीची सोय असते. दाब उतरताना गॅस अतिशय गार होतो आणि रिड्यूसरला (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाला) ऊब कूलंटकडून मिळते, जे सकाळी गारच असते. काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यांची गोष्ट वेगळी.

प्रश्न : डिझेल संपून गाडी महामार्गावर बंद पडली. पाच लिटर डिझेल टाकले, तरी नुसता सेल्फ फिरतो. पंप खराब झाला का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही; नळीत हवा शिरली आहे. कॉमन रेलच्या डिझेल इंजिनात इंजेक्टर उघडण्याआधी रेलमध्ये (सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) साधारण 200 बार दाब तयार व्हावा लागतो, आणि हवा दबते, दाब देत नाही. डिझेल फिल्टरजवळ हाताने दाबायचा रबरी फुगा किंवा पंप असेल, तर तो घट्ट लागेपर्यंत दाबावा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी सात-आठ वेळा ऑन करून प्रत्येक वेळी थोडे थांबावे, आणि त्यानंतरच सेल्फ मारावा. दमदाटीने सेल्फ मारत राहू नये, कारण उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते आणि तो कोरडा फिरला तर त्याच्या घासलेल्या धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. रस्त्यावर कोणी एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे मारू म्हणाले तर नको म्हणा. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे प्लग) तापलेले असतील तर तो स्प्रे आत भलत्या वेळी पेटतो.